खंड्याचा पत्ता

मी काढलेला पहिला पक्ष्याचा फोटो खरं तर शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या डब्याचा होता. आमच्या मागच्या अंगणातल्या कपड्यांच्या दोरीवर रॉबिन बसला होता, लाल छातीचा, मुठीएवढा. मी बटण दाबलं तेव्हा तो हलला आणि फोटोत नुसता तांबडा डाग उरला. मागचा डबा मात्र इतका स्पष्ट आला की त्यावर लिहिलेला घराचा नंबर वाचता येत होता.

"डबा छान आलाय गं," नवरा म्हणाला. "पोर्ट्रेटच."

ही २०२० च्या सप्टेंबरातली गोष्ट. आम्ही आयर्लंडमधल्या नास गावात भाड्याच्या घरात राहतो. मार्चपासून माझं ऑफिस बेडरूमच्या कोपऱ्यातल्या एका टेबलावर आलं होतं. मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. कोणी बनवलेल्या गोष्टीत चूक कुठे आहे हे शोधायचं आणि ती चूक पुन्हा नेमकी कशी घडवता येईल ते पायरीपायरीने लिहून द्यायचं. या कामात मी चांगली आहे. बोलण्यात नाही. मला बोलायला येत नाही असं नाही, पण तोंड उघडण्याआधी मी वाक्य दोनदा तपासते आणि तोवर विषय पुढे गेलेला असतो.

सेकंडहँड कॅमेरा आणि त्याच्याबरोबर आलेली लांब लेन्स मी किचनच्या प्रेसमध्ये ठेवायचे. इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि आता मीही म्हणते. फोटो वाईट येत होते, पण मी घाबरले नाही. वाईट का येतात ते शोधणं हा माझा रोजचाच उद्योग होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, निकाल बघायचा, वहीत लिहायचं. आधी शटरचा वेग वाढवला. पक्षी स्थिर दिसत असला तरी तो कधीच स्थिर नसतो, हे त्या एका बदलाने कळलं. मग फोटो काळे यायला लागले, कारण इथला नोव्हेंबरचा उजेड चाळणीतून चाळून आल्यासारखा असतो. मी कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवली, फोटोत रवा सांडल्यासारखे कण आले, आणि मी ठरवलं की कण चालतील, हललेला पक्षी चालणार नाही. मग पार्श्वभूमी. दोन पावलं डावीकडे सरकलं की कचऱ्याचा डबा नाहीसा व्हायचा आणि त्या जागी कुंपणाची हिरवी झुडपं यायची. दोन पावलं! एवढ्यासाठी मी दीड महिना घालवला होता. आणि सगळ्यात शेवटी डोळा. पिसं कितीही सुंदर आली तरी डोळा स्पष्ट नसेल तर तो फोटो मेलेला असतो.

डिसेंबरपर्यंत रॉबिन मला जमायला लागला. हे मी नम्रपणे सांगणार नाही, कारण तो खरंच जमला होता.

जानेवारीत पुन्हा सगळं बंद झालं. घरापासून पाच किलोमीटरच्या आत राहायचं होतं. माझ्या पाच किलोमीटरमध्ये कालवा होता. कालव्याच्या काठच्या बाकावर रोज सकाळी एक म्हातारे गृहस्थ थर्मास आणि दुर्बीण घेऊन बसलेले असायचे. निवृत्त पोस्टमन होते. आधी आम्ही फक्त मान हलवायचो. मग एक दिवस त्यांनी विचारलं, "काही मिळालं का?" मी कॅमेरा बाकाजवळच्या दगडी कठड्यावर ठेवला आणि दोन मीटर मागे सरकले. ते उठले, त्यांनी फोटो बघितले, कॅमेरा परत कठड्यावर ठेवला आणि तेही मागे सरकले. मग मी पुढे जाऊन तो उचलला. पुढचे चार महिने आमचं शिक्षण असंच चाललं, जणू कठड्यावर नैवेद्य ठेवल्यासारखं.

पहिल्या दिवशी ते म्हणाले, "तुझे सगळे पक्षी वरून बघितलेले आहेत. पाणकोंबडीला पाणकोंबडी कशी दिसते, ते कधी बघितलंस?"

दुसऱ्या दिवशी मी जुना रेनकोट घालून कालव्याकाठच्या ओल्या पायवाटेवर पोटावर पालथी पडले. फिरायला आलेले लोक मला वळसा घालून जात होते. एका बाईंनी वाकून विचारलं, बरी आहेस ना. मी इथल्या पद्धतीने "ग्रँड", म्हणजे मजेत, म्हणाले आणि तशीच पडून राहिले. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा सुरू करायला कचरणारी मी, भर रस्त्यात पालथी. लाज वाटली नाही. समोर पाणकोंबडी लव्हाळ्यांमधून सरळ माझ्याकडे येत होती आणि पहिल्यांदाच ती मला पाण्यातली एक काळी वस्तू वाटली नाही. तिच्या नजरेत काहीतरी खाजगी काम होतं.

खंड्या मला त्यांनीच दाखवला. खरं तर खंड्या नाही, एक फांदी दाखवली. कालव्याच्या बाजूने एक ओढा वाहतो, त्यावर छोटा दगडी पूल आहे. पुलाच्या खालच्या अंगाला पाण्यावर झुकलेली एक फांदी.

"पक्ष्याच्या मागे धावायचं नाही," ते म्हणाले. "तो जिथे येतो तिथे आधी जाऊन बसायचं."

मी कामाच्या आधी जाऊन बसायला लागले. शाळेच्या तक्त्यावर के अक्षरासमोर हाच पक्षी होता, किंगफिशर. त्याला मराठीत खंड्या म्हणतात हे मला आईने फोनवर सांगितलं, आणि हाच पक्षी पुण्यात मुठेकाठीही असतो हे मला इथल्या पुस्तकातून कळलं. पुण्यात मी तो कधी बघितला नव्हता. बघायला थांबलेच नव्हते. बाराव्या सकाळी तो आला. मे महिना लागला होता. पाठ इतकी निळी की स्क्रीनवर मी रंग वाढवलाय असं वाटावं, आणि चोचीत आडवा चंदेरी मासा. डोळा स्पष्ट, मागे मऊ हिरवा अंधार, पंखांवर पाण्याचे चार थेंब.

म्हाताऱ्यांनी तो फोटो बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "माशाचं डोकं बघ कुठल्या बाजूला आहे. बाहेरच्या. स्वतः खायचा असता तर डोकं स्वतःच्या घशाकडे धरलं असतं. हा दुसऱ्या कोणाला भरवायला नेतोय." मग कॅमेरा कठड्यावर परत ठेवत, "म्हणजे आता पिल्लं आहेत. बीळ शोधत बसू नकोस. घरट्याजवळ फोटो काढायला इथे परवाना लागतो, आणि तो नसलेलाच बरा."

मी फोटो काढणार नव्हतेच. पण तो मासा घेऊन कुठल्या दिशेला जातो, किती वेळाने परत येतो, हे बघणं मला थांबवता आलं नाही. तीन दिवसांत मी जागा काढली. ओढ्याच्या वरच्या वळणावर मातीचा उभा काठ होता, त्यात एक भोक, भोकाखाली विष्ठेचा पांढरा ओघळ. मी लांबून एकदा बघितलं आणि परत फिरले. कोणी न सांगता मला ते सापडलं होतं.

त्या गुरुवारी संध्याकाळी मी तो फोटो आमच्या मराठी ग्रुपवर टाकला. डब्लिनपासून पोर्टलीशपर्यंतची नव्वदएक माणसं आहेत त्यात. दीड वर्षात मी तिथे दोनदा 'धन्यवाद' लिहिलं होतं आणि बाकी नुसते हात जोडले होते. दहा मिनिटांत फोन तापला. "हे तू काढलंस?" "अगं, छुपी रुस्तम निघालीस की!" "वहिनी, आमच्या बारशाचे फोटो तुम्हीच काढायचे." डब्लिनमधल्या सँट्रीच्या एकाने विचारलं की नेटवरून उचलला नाहीये ना. त्याला माझ्या नवऱ्याने मूळ फाइल पाठवून दिली.

मग पोर्टलीशच्या काकूंचा मेसेज आला. काकू घरून डबे आणि दिवाळीचा फराळ करून देतात. मी या देशात आले तो पहिला हिवाळा मी रोज दुपारी रडायचे, हे त्यांना कुठून कळलं ते मला माहीत नाही, पण एका शनिवारी दारात पुरणपोळ्यांचा डबा घेऊन उभ्या होत्या. आत येऊन चहा स्वतःच केला आणि एकही प्रश्न न विचारता गेल्या. त्यामुळे काकूंनी विचारलं की उत्तर द्यायचंच.

"कुठे गं हे?"

"नासजवळ, काकू."

"नासजवळ म्हणजे कुठे? पिन टाक. लपवतेस काय! आम्ही काय तुझा पक्षी पिशवीत घालून नेणार आहोत?" आणि पुढे हसरे चेहरे.

मी पुलाचा पत्ता देऊ शकले असते. फोटो तिथलाच होता. पण मी पिन टाकली ती बिळासमोरच्या गवताची. आणि नुसती पिन टाकून थांबले नाही. ऑफिसात लिहिते तसं लिहिलं: गाडी कुठे लावायची, पूल ओलांडल्यावर कुठल्या बाजूला वळायचं, किती पावलं चालायचं, आयव्हीची वेल चढलेल्या झाडापाशी थांबून पाण्याकडे तोंड करायचं, समोरच्या काठावर भोक दिसेल, साधारण वीस मिनिटांत पक्षी येईल. सात पायऱ्या. कोणीही करून बघितल्या असत्या तरी हुकला नसता. ते वाचून मला स्वतःचाच अभिमान वाटला होता.

रविवारी सकाळी मी आणि नवरा ओढ्याकडे गेलो तेव्हा पुलावरूनच हसण्याचा आवाज आला. काउंटीबाहेर, म्हणजे जिल्ह्याबाहेर, जायची परवानगी नुकतीच मिळाली होती, लोक महिनोन्महिने घरात बसून कंटाळले होते, आणि कुणालातरी जायला जागा हवी होती. ती मी दिली होती. आयव्हीच्या झाडाखाली चटया अंथरलेल्या होत्या. अकरा माणसं होती, त्यात तीन लहान मुलं. इडल्यांचा डबा उघडलेला, चटणी फिरत होती, आणि सगळ्यांची तोंडं बिळाकडे, नाटकाला बसल्यासारखी.

"आली आली, आमची फोटोग्राफर आली!" काकू ओरडल्या. "ये, बस इथे. तुझ्या पक्ष्याने अजून दर्शन दिलं नाहीये. फार भाव खातोय."

मी बसले. कोणीतरी हातात इडली दिली. तेवढ्यात तो आला. वळणाच्या अलीकडे एका काठीवर बसला, चोचीत मासा, डोकं बाहेरच्या बाजूला. "ओ ओ ओ, बघ बघ!" सगळे फोन वर झाले. तो मान खालीवर करत राहिला आणि निळी रेघ मारून परत गेला. सगळे खूश झाले. थोड्या वेळाने पुन्हा आला. पुन्हा मान खालीवर. आम्ही बिळापासून जेमतेम आठ पावलांवर होतो. तो एकदा बिळाच्या दिशेने निघाला, मध्येच वळला आणि पुन्हा काठीवर बसला. मग त्याने मासा चोचीत फिरवला, उलटा केला आणि स्वतः गिळून टाकला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी इडली खाली ठेवली.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्याला फोटोतलं काही कळत नाही, पण माझं तोंड वाचता येतं. "मी सांगू का?" तो हळूच म्हणाला.

"नको."

मी उभी राहिले. वाक्य तपासायला वेळ नव्हता. "काकू, आपल्याला इथून उठायला हवं. आत्ता."

"का गं? कोणाची खाजगी जागा आहे का?"

"त्या भोकात त्याची पिल्लं आहेत. तो त्यांच्यासाठी मासे आणतोय आणि आपण बसलोय म्हणून आत जात नाहीये. आत्ता त्याने तो स्वतः खाल्ला. पिल्लं उपाशी आहेत."

"अगं, पण आम्ही काय दगड मारतोय का त्याला? गप बसून तर बघतोय."

"दगड मारला असता तर तो उडाला असता आणि थोड्या वेळाने परत आला असता. आपण बसून राहिलोय, म्हणून त्याला येताच येत नाहीये. तुम्ही किती वाजता आलात?"

"नऊला," कोणीतरी म्हणालं.

पावणेअकरा झाले होते.

मागून एक काका म्हणाले, "पोरगी बोलते की!" दोघं हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा पडला होता. "मग पत्ता कशाला दिलास?" त्या म्हणाल्या. "आधी सांगायचं नाही का? उगाच सगळ्यांना पापाचे धनी केलंस."

"हो. तुमची काही चूक नाही, माझी आहे. मला तुम्हाला दाखवायचं होतं की मला माहितीये."

काकूंनी डब्याचं झाकण लावलं. त्यांनी लावलं म्हटल्यावर बाकीचे उठले. चटया गुंडाळून सगळे लांबच्या मैदानात गेले. आम्ही दोघं पूल ओलांडून घरी आलो, कारण मीही तिथे थांबले असते तर बारावं माणूस झाले असते. मागे वळून बघितलं नाही.

घरी येऊन मी तो मेसेज पुसायला गेले तर पुसता येईना, वेळ निघून गेली होती. सात पायऱ्या नव्वद फोनमध्ये जाऊन बसल्या होत्या. म्हणून संध्याकाळी मी दुसरा मेसेज लिहिला. त्या जागी कृपया कोणीही जाऊ नका, तिथे घरटं आहे, तो पत्ता मी द्यायला नको होता. ज्यांना पक्षी बघायचाय त्यांना मी दर शनिवारी सकाळी पुलावरून दाखवीन, एका वेळी दोघांना, न बोलता, खायला न आणता. तपासायला एकदाच वाचला आणि पाठवला. तासाभराने हळूहळू अंगठे आले. काकूंचा आला नाही.

सोमवारी दिवसभर पाऊस होता. संध्याकाळी पुलावर अर्धा तास उभी राहिले, काही दिसलं नाही. मंगळवारी सकाळी म्हातारे बाकावर होते. मी त्यांना सगळं सांगितलं. नव्वद आकडा ऐकून त्यांनी थर्मासचं झाकण फिरवायचं थांबवलं.

"नव्वद," ते म्हणाले.

"आले अकराच."

"बरं." त्यांनी झाकण घट्ट लावून थर्मास बाजूला ठेवला. मला वाटलं आता हे माझ्याशी बोलणार नाहीत, आणि तेच योग्य आहे. मग म्हणाले, "दोन तास भूक काढतील पिल्लं. रोज असं झालं तर नाही. बिळाकडे जाऊ नकोस, पुलावरून वळण दिसतं तिथून बघ. आत जाऊन भरवून आला असेल तर बाहेर पडल्या पडल्या पाण्यात बुडी मारेल. आत फार घाण असते. बुडी मारली तर पिल्लं जिवंत आहेत. नाही मारली, तर मला येऊन सांग."

बुधवारी, गुरुवारी मी उभी राहिले. तो एकदा खालच्या दिशेने जाताना दिसला. बुडी नाही. ऑफिसात मी चुका शोधत होते आणि एकही सापडत नव्हती.

शुक्रवारी काकूंचा फोन आला. "उद्या किती वाजता यायचं?"

"सात," मी म्हणाले.

"सातला म्हणजे मला सहाला निघायला हवं. बरं, येते."

शनिवारी त्या एकट्या आल्या, हिरवट शाल पांघरून. पाऊस थांबला होता. "डबा आणलाय," त्या गाडीचं दार लावत म्हणाल्या, "पण गाडीतच ठेवलाय. घाबरू नकोस." मग पुलाच्या कठड्याला कोपर टेकून उभ्या राहिल्या आणि पस्तीस मिनिटं एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्या आयुष्यातली ही सगळ्यात लांब शांतता असावी. एकदा तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं.

मग पुलाखालून निळी रेघ गेली. वळणाकडे. चोचीत काहीतरी होतं. मी कॅमेरा वळणावर धरला. काहीच होत नव्हतं. एक मिनिट. दोन. काकूंनी माझी बाही धरली होती, ते मला नंतर कळलं.

मातीच्या काठातून तो बाहेर आला आणि सरळ पाण्यात पडला. उडाला, पुन्हा पडला, पुन्हा एकदा. मग काठीवर बसून पिसं झटकायला लागला. मी बटण दाबत राहिले.

"आंघोळ करतोय का गं?" काकू कुजबुजल्या.

"हो. पिल्लांना भरवून आला की करतात. आत खूप घाण असते. आहेत, काकू. पिल्लं आहेत."

काकूंनी डोळे शालीने पुसले आणि नाक ओढलं. "म्हणजे पोरांचं सगळं आटपून मग स्वतःची आंघोळ," त्या म्हणाल्या. "हा तो नसणार. बाईच असणार ती."

मी स्क्रीनवर फोटो मोठा केला. लांबून काढलेला, कणांनी भरलेला, पुढे गवताचं पातं आडवं आलेलं. पण डोळा स्पष्ट होता, आणि खालची चोच नारिंगी होती. नराची पूर्ण काळी असते.

"मादीच आहे," मी म्हणाले.

"मग!" काकू म्हणाल्या, आणि लगेच स्वतःच तोंडावर हात ठेवला.